दहांपैकी चार चालू

सहाव्या माळेला मी बार्शी सोडली आणि निघताना घटापुढे हात जोडून देवीची माफी मागितली. लग्न झाल्यापासून नवरात्रात घराबाहेर राहायची ही पहिलीच वेळ. पण सरकारी पत्राला माळ कळत नाही. प्राथमिक शाळांना दिलेल्या संगणकांचा वापर कसा चाललाय हे बघायला एका जिल्ह्याचे शिक्षक दुसऱ्या जिल्ह्यात जातील, म्हणजे भीडभाड राहणार नाही, असं पत्रात होतं. आमच्या वाट्याला मुंबई आली. गिरगाव, दादर, लालबाग. तीन दिवसांत तीन शाळा.

माझीच निवड का झाली तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगीच मिरवतात. मी मुख्याध्यापिका असलेल्या आमच्या शाळेत दहा संगणक होते आणि आल्यापासून दहाच्या दहा चालू. एकावर साधा ओरखडा नाही. खोलीची किल्ली माझ्या कमरेला, आणि मी सोबत असल्याशिवाय त्या दाराला कुणी हात लावायचा नाही, हा माझा नियम. तालुक्यात माझं नाव त्यावरूनच झालं. निघायच्या घाईत ती किल्ली कमरेलाच राहिली आणि माझ्यासोबत मुंबईला आली, हे मला बस टेंभुर्णीला थांबली तेव्हा कळलं. म्हटलं बरंच झालं, मागे कुणी खोली उघडायला नको.

जोडीला बोधले सर होते. आमच्याच शाळेत गणित शिकवतात. माणूस सज्जन, पण नियम म्हटला की त्यांना दुसरं काही दिसत नाही. तपासणीच्या प्रपत्रांची (छापील तक्त्यांची) फाइल त्यांनी बसमध्ये रात्रभर मांडीवर घेतली. त्या प्रपत्रातली एक अट मात्र वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. पाहणीच्या दिवशी निम्म्याहून कमी यंत्रं चालू आढळली, तर त्या शाळेची सगळी यंत्रं काढून यादीतल्या पुढच्या शाळेला द्यायची.

पहाटे गाडीने दादरला सोडलं ते थेट झेंडूत. दसरा जवळ आलेला, त्यामुळे फुलबाजार रस्त्यावर आला होता. पुलाखाली झेंडूच्या गोण्या, त्यांवर झेंडूचे ढीग आणि ढिगांवर माणसं झोपलेली. एका फुलवाल्याने कुठून आलात विचारलं. मी बार्शी म्हटल्यावर तो म्हणाला, "मग हा तुमच्याकडचाच माल आहे की. कालच गाडी उतरली." आमच्याकडचा झेंडू आमच्याआधी पोचला होता आणि आमच्यापेक्षा टवटवीत दिसत होता.

तिथेच पहिला घोटाळा झाला. बोधले सरांनी चहा घेण्यापुरती फाइल एका टोपलीवर ठेवली. फुलवाल्याने फुलांवर पाणी मारलं आणि प्रपत्रं चिंब. सरांचा चेहरा असा झाला, जणू घरचं कुणी भिजलं. खानावळीच्या माडीवर आमची राहायची सोय होती. तिथल्या मावशींकडून इस्त्री मागून घेतली आणि सकाळभर आम्ही सरकारी कागदांना इस्त्री केली. कागद वाळले, पण प्रत्येकावर एक पिवळा डाग राहिला. सरांनी प्रत्येक डागाखाली बारीक अक्षरात लिहिलं, "फुलाचा डाग. सही."

मग आम्ही दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडून गिरगावला गेलो. गिरगाव मला फार आवडलं. लाकडी जिने, लांबच लांब गॅलऱ्या, गॅलरीत वाळत घातलेले पंचे आणि खाली गल्लीत क्रिकेट. एका चाळीच्या चौकात मंडपाला पताका लावायचं काम चाललं होतं. शिडीवरच्या माणसाला खालून चार जण सूचना देत होते आणि शिडी धरायला कुणीच नव्हतं. मला नऊ दिवसांचा उपवास, म्हणून एका जुन्या उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष (श्रीखंड पातळ करून केशर-जायफळ घातल्यासारखं एक पेय) घेतलं. दुसरा पेला मागवताना मी सरांना म्हटलं, "उपवासाला चालतं." सर म्हणाले, "एक चालतो. दोनाचं माहीत नाही."

गिरगावची शाळा लहानशी, स्वच्छ. मुख्याध्यापकांनी आम्हाला चपला काढायला लावल्या, खोलीचं कुलूप उघडलं, आत उदबत्तीचा वास. दहा संगणकांवर दहा प्लास्टिकची आवरणं, कडेला शिवलेली झालर. त्यांनी एकेक आवरण उचललं, एकेक यंत्र चालू करून दाखवलं, पुन्हा झाकलं. दहाच्या दहा. मुलं दाराबाहेर रांगेत उभी राहून बघत होती.

मी एका मुलीला विचारलं, "तू काय करतेस गं संगणकावर?"

"बघते," ती म्हणाली.

"आणि?"

"सर बंद करतात ते पण बघते."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण प्रपत्रात यंत्रं चालू आहेत का एवढंच विचारलेलं. ती होती. सरांनी "दहांपैकी दहा" लिहिलं. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "काय व्यवस्थित ठेवलंय, नाही?" सर नुसते हं म्हणाले. त्या हंमध्ये काहीतरी होतं, पण मला तेव्हा ऐकून घ्यायची इच्छा नव्हती.

आठव्या माळेला दादरची शाळा. तिथल्या बाई फार हुशार. वर्ग चौथीचा, प्रत्येक यंत्रापुढे दोन मुलं, आणि बाईंनी टाळी वाजवल्याबरोबर दहा पडद्यांवर दहा चित्रं उमटायला लागली. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली कौलारू घर, शेजारी नारळाचं झाड. दहाही चित्रं हुबेहूब एकसारखी. मला गंमत वाटली. मी एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आता तुझ्या घराचं चित्र काढ."

तो बाईंकडे बघायला लागला. शेजारचा बाईंकडे. मग वर्गभर सगळेच बाईंकडे.

"ते दुसऱ्या सत्रात आहे," बाई म्हणाल्या.

दहांपैकी दहा. संध्याकाळी समुद्रावर जाऊन आम्ही वाळूत बसलो. सरांनी भेळ खाल्ली, मी भुईमुगाच्या शेंगा सोलल्या. घरी फोन केला तर सून म्हणाली, "आई, माळ घातली, दिवा तेवतोय. तुम्ही दसऱ्याला सकाळी पोचता ना? घट उठवायचं मला काही माहीत नाही." मी तिला काळजी करू नकोस म्हणून सांगितलं. नवमीच्या संध्याकाळची गाडी होती आणि तिकिटं सरांच्या खिशात.

नवमीला दादरहून चालतच निघालो. हिंदमाता, परळ करत लालबागला येईपर्यंत हवेला तिखट वास यायला लागला. तिथे मसाल्याची एक आख्खी गल्ली आहे. दुकानासमोर मिरच्यांची पोती आणि आत डंख (मसाला कुटायचं यंत्र) धाडधाड चाललेला. बायका आपापल्या पिशव्या घेऊन रांगेत बसलेल्या आणि दुसरीच्या पिशवीत डोकावून प्रमाणाबद्दल मतं देणाऱ्या. बोधले सरांना अशा शिंका लागल्या की एका बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "नवे दिसतात. आठ दिवस ऱ्हावा, मग फुलाचो वास येवचो नाय, पण मसाल्याचो येतलो." (आठ दिवस राहा, मग फुलाचा वास येणार नाही, पण मसाल्याचा येईल.)

घरांच्या वरून गिरणीचं एक धुरांडं दिसत होतं. धूर नव्हता. त्याच्या बाजूला काचेची नवी इमारत उभी राहत होती. गिरणी कामगारांच्या संपाला तेव्हा पंचवीसेक वर्षं होत आली होती. आमच्या बार्शीलाही गिरणी होती, भोंगा होता, त्यामुळे न चालणारं धुरांडं बघायची मला सवय आहे. तरी इथे ते जरा जास्तच उंच वाटलं.

शाळा तिसऱ्या मजल्यावर. मुख्याध्यापिका परब बाई जिन्यातच भेटल्या. निवृत्तीला आलेल्या, हातात पदर घट्ट धरलेला. "तुमचं पत्र आल्यावर मी दिवस बदलून मागितला होता," त्या म्हणाल्या, "उत्तरच आलं नाही." का मागितला ते विचारायच्या आत आम्ही खोलीत पोचलो आणि समजलं.

खोलीत दहा संगणक होते. चार मांडून ठेवलेले, त्यांच्या की-बोर्डवर हळदकुंकू, पडद्यांना झेंडूचे हार. बाकी सहांच्या नुसत्या पेट्या, आतून रिकाम्या, भिंतीशी ओळीने ठेवलेल्या. त्यांनाही हार, आणि ते जास्त मोठे. मध्ये पाटावर पाट्या, पुस्तकं, दोन पेचकस, एक पक्कड आणि एक खोडरबर. त्या खोडरबरालाही कुंकवाचं बोट लावलेलं.

खोडरबर कशाला, ते मला कळेना. पण घड्याळात अकरा वाजले होते, संध्याकाळची गाडी होती. मुख्याध्यापिकेची सवय म्हणा, मी पुढे होऊन पहिल्या यंत्राच्या बटणाकडे हात नेला.

एका मुलीने माझं मनगट धरलं. चौथीची असेल, दोन वेण्या. "बाई, आज त्यांची सुट्टी आहे," ती म्हणाली.

तिच्यामागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरा लेंगा, बंडी, कपाळाला गंध. परब बाईंनी ओळख करून दिली. हे सावंत काका, शेजारच्या चाळीत राहतात. गिरणीत साचेखात्यात (विणकाम खात्यात, कापड विणायच्या यंत्रमागांना तिथे साचे म्हणत) जॉबर होते, म्हणजे साचे दुरुस्त ठेवणारे. संपात गिरणी गेली. तीन वर्षांपूर्वी शाळेचा पंखा दुरुस्त करायला आले आणि बंद पडलेले संगणक बघून थांबले ते थांबलेच. पगार नाही, काही नाही.

"काका, हे साहेब लोक आजच बघणार आहेत," परब बाई म्हणाल्या. "थोडा वेळ हार काढले तर?"

"काढतो की," काका शांतपणे म्हणाले. "तुम्ही मोठ्या. तुम्ही सांगितलंत तर काढतो. पण मग या पोरांका काय सांगू? सायेब इले काय देव उठवूचो?" (साहेब आले की देव उठवायचा?) मग आमच्याकडे वळले. "गिरणीत आमच्या खात्यात नवमीला साचे धुऊन-पुसून पूजा मांडायचो. मांडली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. दसऱ्याला उत्तरपूजा करून नारळ फोडायचा, मग एक साचा चालवायचा. त्या दिवशी बायकापोरांना आत सोडत. माझी बायको वर्षात एकदा माझा साचा चालताना बघायची. उद्या इथे तसंच आहे. पोरांचे आईबाप येणार आहेत दहाला."

बोधले सरांनी फाइल उघडली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, पण वाक्य नेहमीचंच. "प्रश्न असा आहे. पाहणीच्या वेळी यंत्रे चालू आढळली का. उत्तर, हो किंवा नाही. पूजेला बसली होती, असा पर्याय नाही."

"आणि चालू असती तरी," मी म्हटलं, "दहांपैकी चारच. निम्म्याहून कमी. नियमाप्रमाणे यंत्रं जातील."

परब बाई खाली बसल्या. काकांनी भिंतीशी ठेवलेल्या रिकाम्या पेट्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "गेली तर दुसऱ्यांदा जातील. आधी साचे गेले, आता हे." रागाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

मला राग आला तो स्वतःचाच. माझ्या घरी या क्षणी घट बसलेला होता. पाचव्या माळेला कलेक्टर जरी दारात आले असते, तरी मी त्यांच्यासाठी घट हलवला नसता. उलट पाट देऊन बसवून ठेवलं असतं. आणि इथे मी बटण दाबायला निघाले होते.

मी त्या वेणीवालीला नाव विचारलं. स्नेहल. "स्नेहल, यंत्रांना सुट्टी, पण तुला नाही ना? मला बंद यंत्रावरच काय ते दाखव."

मग पुढचा तासभर आम्ही दोघं मोठे शिक्षक चौथीच्या पोरांकडून शिकलो. तिने एका रिकाम्या पेटीत बोट घालून कुठे काय असतं ते सांगितलं. शेल्फवरच्या डब्यातून एक हिरवी पट्टी काढली. "ही मेमरीची पट्टी. हिचे हे दात काळे पडले की मशीन उठत नाही. मग आधी बटण बंद, वायर काढायची, आणि खोडरबराने दात घासायचे. वहीतलं खोडतो तसं जोरात नाही, हळू." तिचा मित्र म्हणाला, "काका म्हणतात, यंत्र बिघडलं म्हणजे पहिलं घाबरायचं नाही." सहा बंद पडलेल्या यंत्रांचे चांगले भाग काढून काकांनी आणि मुलांनी चार चालू केली होती. शाळेत आली तेव्हा दहांतली दोनच धड होती, सगळी जुनी, वापरलेलीच मिळालेली.

भिंतीवर खडूने आखलेला एक फळा होता. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. प्रत्येक पाळीत नावं, आणि खाली वेगळ्या रकान्यात "बदली". गिरणीत जो कामगार आला नाही त्याच्या जागी दारात उभा असलेला बदली कामगार आत जायचा. तीच पद्धत. घंटा झाली आणि जागेवर नसलास, तर दारातला बदलीवाला तुझ्या खुर्चीत.

"आधी पोरं घंटेनंतर यायची," परब बाई म्हणाल्या. "आता बदलीसाठी घंटेच्या आधी येऊन दारात उभी राहतात. मला दाराशी रांग लावावी लागते."

"आणि तुम्ही करता काय यंत्रावर?" सरांनी विचारलं.

"मसाला," स्नेहल म्हणाली.

प्रत्येकाने आपापल्या घरच्या मसाल्याचं प्रमाण टंकून ठेवलं होतं. किती मिरची, कुठली मिरची, धने किती, तिरफळं घालायची की नाही. मग एकाच्या घरचं दुसऱ्याशी ताडून बघायचं, बेरजा करायच्या, दहा माणसांच्या घराला वर्षाला किती लागेल ते काढायचं. सरांचा चष्मा नाकावर घसरला. "हे त्रैराशिक आहे," ते म्हणाले. "चौथीत." एवढं बोलून ते गप्प झाले, आणि मी त्यांच्याबरोबर बारा वर्षं काम करते, ते गप्प होतात तेव्हा आत हिशेब चाललेला असतो.

दुपारी त्यांनी खिशातून तिकिटं काढली. "बाई, नियम असा आहे की पाहणी एका दिवसात पूर्ण झाली नाही तर दुसऱ्या दिवशी चालू ठेवता येते. पान तीन." मी विचारलं, उद्या सुट्टीचा दिवस आहे त्याचं काय. "सुट्टीला पाहणी करू नये असं कुठे लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलं."

घरी फोन करायला मला संध्याकाळपर्यंत धीर झाला नाही. सून घाबरून म्हणाली, "आई, घट मी कसा उठवू? तुम्ही कधी हात लावू दिला नाही." खरंच होतं. नऊ वर्षं झाली तिला घरात येऊन. मी म्हटलं, "आता लाव. काही चुकलं तर देवी सांभाळून घेते." फोन ठेवल्यावर मला रडू आलं. ते घट चुकला म्हणून होतं की आणखी कशासाठी, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

दसऱ्याला दहाच्या आधीच खोली भरली. आया नव्या साड्यांत, हातात सोनं म्हणून आपट्याची पानं. काही आजोबा आले होते, काकांच्याच वेळचे. ते आत येताना दारात थांबले, उंबऱ्याला हात लावला, मग आले. काकांनी उत्तरपूजा केली, नारळ फोडला, हार उतरवले. मग त्यांनी फळ्याकडे बघून हाक मारली, "पहिली पाळी."

चार मुलं खुर्च्यांवर बसली. बटणं दाबली. तीन यंत्रं लगेच उठली. चौथं उठेना. मी बोधले सरांकडे बघितलं, त्यांनी छताकडे. काका जागचे हलले नाहीत, हाताची घडी घालून उभे राहिले. त्या यंत्रावर बसलेल्या मुलाने बटण बंद केलं, वायर काढली, झाकण उघडलं. स्नेहल पाटावरचा कुंकू लागलेला खोडरबर घेऊन गेली. दोघांनी पट्टी काढली, दात घासले, फुंकर मारली, बसवली. बटण दाबलं. पडदा निळा झाला.

मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी नाक शिंकरलं. मला वाटलं मसाला असेल. मसाला नव्हता.

मग जी मजा झाली ती सांगण्यासारखी आहे. स्नेहलची आई पडद्यावर आपल्या मसाल्याचं प्रमाण वाचायला लागली आणि म्हणाली, "धने येवढे कशाक घातलंस गो? माझे पाव किलो कमी असतत." शेजारची म्हणाली, "म्हणूनच तुझा रस्सा पाण्यासारखा होता." दोघींचं जुंपलं. स्नेहलने धने कमी केले, खालची बेरीज आपोआप बदलली, आणि दोन्ही आया भांडण विसरून त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

उपवास मी काकांच्या घरी सोडला. दहा बाय बाराची खोली, पण माणसं मावत होती. काकूंनी घावणे (तांदळाच्या पिठाचे पातळ जाळीदार धिरडे) आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. मी सहा घावणे खाल्ले आणि बोधले सरांनी ते मोजले. काकू म्हणाल्या, "आज मी हेंच्या साच्याजवळ गेलंय, गिरणी बंद झाल्यानंतर पयल्यांदा." काकांनी मान खाली घालून आणखी सांबारं वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर सरांनी प्रपत्र काढलं. यंत्रे चालू आढळली का, हो. किती, दहांपैकी चार. त्यांनी तसंच लिहिलं. खोटं लिहिणारा माणूस तो नव्हे, आणि काकांनीही वाचून मान डोलावली. मग सरांनी पेन माझ्या हातात दिलं.

"प्रपत्रात जागा नाही," ते म्हणाले. "समासात आहे."

मी समासात एक रकाना आखला आणि वर लिहिलं, "मुलांनी हात लावला का?" लालबागपुढे लिहिलं, "होय. उघडून, दुरुस्त करून." पाळ्या, बदली, मसाल्याचं त्रैराशिक, सगळं बारीक अक्षरात बसवलं. मग सर म्हणाले, "एका शाळेला लावलं तर तिन्हींना लावलं पाहिजे." बरोबर होतं. गिरगावपुढे लिहिलं, "नाही." दादरपुढे लिहिलं, "एका चित्रापुरता."

सर फाइल बांधत होते. दोरीची गाठ मारता मारता, वर न बघता त्यांनी विचारलं, "आणि आपल्या शाळेपुढे काय लिहिलं असतं, बाई?"

बारा वर्षांत सर मला असं कधी बोलले नव्हते. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, म्हणतात ना, तेच झालं माझं. किल्ली कमरेला टोचत होती. परतीच्या गाडीत ते मांडीवर फाइल घेऊन झोपले आणि मी पुण्यापर्यंत जागी होते.

घरी आले तर घट उठवून झाला होता, घटातली कोवळी पिवळी रोपं सुनेने सगळ्यांच्या टोपीत आणि केसांत खोवली होती, माझ्यासाठी एक जुडी ओल्या फडक्यात ठेवलेली. सगळं नीट झालं होतं. माझ्याशिवाय.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी संगणकाची खोली उघडली आणि उघडीच ठेवली. फळ्यावर पाळ्या आखल्या, बदलीचा रकाना केला. पहिला आठवडा मी दाराशी खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या आठवड्यात मुलांनी मला सांगितलं, बाई, तुम्ही जावा, तुमच्यामुळं आम्हाला भ्या वाटतंय. महिनाभरात एक यंत्र बंद पडलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

त्याच सुमारास वरून पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात आम्हाला ताकीद होती, छापील प्रपत्राच्या समासात मजकूर लिहू नये. दुसऱ्यात लिहिलं होतं की लालबागच्या शाळेची यंत्रं पुढील पाहणीपर्यंत तिथेच राहतील. बोधले सरांनी ताकीद फाइलला लावली आणि दुसरा परिच्छेद मला मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

मी सावंत काकांना कार्ड टाकलं. यंत्रं वाचल्याचं त्यांना कळलं असणारच. मी एवढंच लिहिलं, "आमच्याकडे आता दहांपैकी नऊ चालू. एक मोडला."

उत्तर आलं ते स्नेहलच्या अक्षरात, काकांनी सांगितलेलं. "बाई, एक मोडला हे वाचून बरं वाटलं. आधी खोडरबर लावून बघा. नाही उठला तर घाबरू नका, त्याच्या पोटातलं पोरांना दाखवा, बाकीच्या नवांना उपयोगी पडेल. दसऱ्याला त्याला हार घालायला विसरू नका."

खोडरबर लावला. नाही उठला. यंदाच्या दसऱ्याला आमच्या खोलीत नऊ यंत्रांशेजारी एक रिकामी पेटी होती आणि सगळ्यात मोठा हार तिला होता, झेंडू आमच्याच शिवारातला. किल्ली आता दाराशेजारी खिळ्यावर असते. खिळा पहिलीच्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर ठोकलाय, आणि तो सुनेने ठोकला.